एक ओळ, एक पाडवा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त मल्लेश्वरम, बेंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



बेळगावची आपली शाळा साठ वर्षांची झाली आणि तिचा मेळावा आज मल्लेश्वरमात भरला आहे, याचे कुणाला नवल वाटेल. मला वाटत नाही. येथून चार पावलांवर काडु मल्लेश्वराचे देऊळ आहे. ते शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्या काळातले असे सांगितले जाते. आपल्यापैकी बहुतेकजण नोकरीच्या शोधात रात्रीच्या गाडीने येथे आलो. आपल्या आधी साडेतीनशे वर्षे मराठी माणूस येथे पोचलेला होता. तेव्हा आपण फार मोठे धाडस केले, असा समज कोणी करून घेऊ नये.

संयोजकांनी मला सांगितले, की तुम्ही आयुष्यभर संगणकावर काम केलेत, तर पालकांना समजेल असे काही बोला. मी विचारात पडलो. संगणकाची महती सांगणारी भाषणे आपण सर्वांनी पुष्कळ ऐकली आहेत. मी मात्र एका चुकीविषयी बोलणार आहे. ती माझ्या हातून झाली, एका फाइलीतील एका ओळीत झाली, आणि त्या ओळीमुळे एका कारखान्यातील माणसांना सणाच्या आधी पगार मिळाला नाही. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा तसे पुष्कळ होते.

आधी यंत्राविषयी थोडे सांगतो. मोठ्या बँकांतले अवाढव्य मेनफ्रेम आणि टेबलावरचा संगणक यांच्या मधल्या वर्गाला आमच्या धंद्यात मिडरेंज म्हणतात. त्या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध यंत्र म्हणजे आयबीएमचे एएस/४००. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर या गावी ते घडले आणि २१ जून १९८८ रोजी जाहीर झाले. पुढे त्याचे नाव आयसिरीज झाले, मग सिस्टिम आय, आणि २००८ पासून त्यावरील प्रणालीला आयबीएम आय म्हणतात. माझ्या पिढीतील माणसे आजही ‘एएस फोर हंड्रेड’च म्हणतात, जशी मल्लेश्वरमची जुनी माणसे भारतीय विज्ञान संस्थेला अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात.

टाटांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. परकीय चलन नियमन कायद्यान्वये भागभांडवल कमी करण्यास नकार देऊन आयबीएम १९७८ मध्ये भारतातून निघून गेली. ती परतली १९९२ मध्ये, टाटांशी भागीदारी करून, टाटा इन्फर्मेशन सिस्टिम्स या नावाने; आणि तिने आपले ठाणे मांडले ते बेंगळुरूत. त्यानंतरच्या वर्षांत येथील कारखाने, वितरक आणि वित्तसंस्था यांच्याकडे हे काळे पेटारे दिसू लागले. माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला नोकरी मिळाली ती त्या लाटेत.

या यंत्राचे वैशिष्ट्य असे, की त्यात माहितीचा साठा, म्हणजे डेटाबेस, वेगळा विकत घ्यावा लागत नसे. तो यंत्राच्या मूळ प्रणालीतच विणलेला असे. त्याच्या पूर्वजाने, १९७८ च्या सिस्टिम/३८ ने, हा पायंडा पाडला होता. कारखान्यात वेगळा डेटाबेस-तज्ज्ञ नेमण्याची गरज नाही, असे विक्रेते अभिमानाने सांगत. ते बव्हंशी खरेही होते. मात्र त्याचा दुसरा परिणाम असा झाला, की माझ्यासारखा माणूस, ज्याने डेटाबेसचे पोट कधी उघडून पाहिले नव्हते, तोच त्याचा एकमेव वैद्य ठरला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. संगणकाला आपण प्रश्न विचारतो, त्याला क्वेरी म्हणतात. “गेल्या महिन्यात हुबळीच्या वितरकांनी उचललेल्या मालाची बिले दाखव,” ही एक क्वेरी. १९७० मध्ये आयबीएमचे संशोधक एडगर कॉड यांनी एक निबंध लिहिला आणि माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवावी, अशी कल्पना मांडली. तिचा गाभा असा, की विचारणाऱ्याने काय हवे तेवढेच सांगावे. ते कसे शोधायचे, याची काळजी यंत्राने करावी. ऐकायला हे फार सोपे वाटते. पण ‘कसे’ हे ठरवणारा कोणीतरी आत बसवावा लागतोच. त्याचे नाव ऑप्टिमायझर.

तो काय करतो, ते मल्लेश्वरमात राहणाऱ्यांना समजावणे अगदी सोपे आहे. आपल्याला पहिल्या क्रॉसपासून अठराव्या क्रॉसला जायचे आहे. संपिगे रोडने जावे की मार्गोसा रोडने? एरवी उत्तर एक असते. गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी आठव्या क्रॉसला फुलांचा, केळीच्या खुंटांचा आणि मूर्तींचा बाजार भरला, की उत्तर दुसरे होते. वाट चुकीची निवडली तर माणूस पोचतो, पण आरती संपल्यावर. ऑप्टिमायझरपुढे याहून मोठा पेच असतो. पाच तक्ते एकमेकांशी जोडायचे असतील, तर ते १२० निरनिराळ्या क्रमांनी जोडता येतात; दहा असतील तर क्रमांची संख्या ३६,२८,८०० होते. सगळ्या वाटा चालून पाहणे शक्यच नसते. म्हणून तो प्रत्यक्ष चालण्याआधी अंदाज बांधतो.

आणि येथे मला आपल्या शाळेतील गणिताचे सर आठवतात. उदाहरण फळ्यावर लिहिले, की ते खडू खाली ठेवत आणि म्हणत, “आधी अंदाज सांगा, मग हिशेब करा.” उत्तर हजारात येणार की लाखात, एवढे तरी सांगता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. मी नेहमी घाईने हिशेबाकडे धावत असे आणि त्यांचा खडू माझ्या दिशेने येत असे. पुढे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध वाचताना मला तो खडू आठवला. जगातील बहुतेक ऑप्टिमायझर त्या निबंधाच्या वंशातले आहेत. त्यात चक्क अंदाजाचे ठोकताळे दिले आहेत. एखाद्या रकान्याविषयी यंत्राला काहीच ठाऊक नसेल आणि प्रश्नात ‘बरोबर अमुक’ अशी अट असेल, तर समजावे की दहातली एक नोंद अटीत बसेल. ‘अमुकपेक्षा जास्त’ असे असेल, तर तीनातली एक. ‘अमुक ते तमुक यांच्या दरम्यान’ असे असेल, तर चारातली एक. एवढे मोठे शास्त्र आणि त्याच्या तळाशी आजीच्या चिमूटभर-मूठभरासारखे माप! मला त्यात उणेपणा वाटत नाही. माहीत नसताना कुठूनतरी आरंभ करावाच लागतो. फक्त तो अंदाज आहे, हे विसरून चालत नाही.

एएस/४०० मध्ये या ऑप्टिमायझरच्या वागणुकीवर आपल्याला काही बंधने घालता येतात. ती एका फाइलीत लिहिलेली असतात. तिचे नाव उच्चारायला जिभेला व्यायाम पडतो: क्यू-ए-क्यू-क्यू-इनि. तिचा मूळ नमुना प्रणालीच्या स्वतःच्या ग्रंथालयात असतो आणि त्याला हात लावायचा नसतो. त्याची प्रत काढून ती आपल्या एखाद्या खासगी ग्रंथालयात ठेवली, आणि एका विशिष्ट कामाला एका आज्ञेने सांगितले, की ‘तू ही प्रत पाहा’, तर त्यातील बदल फक्त त्या कामाला लागू होतात. परंतु तीच प्रत, त्याच नावाने, क्यू-यूजर-सिस नावाच्या सामायिक ग्रंथालयात ठेवली, तर तिच्यात जे लिहाल ते यंत्रावरील सर्व कामांना लागू होते. यंत्र बंद करून सुरू करावे लागत नाही, कोणाला कळवावे लागत नाही. चालू असलेली कामेसुद्धा पुढच्या प्रश्नापासून नवा नियम पाळू लागतात.

फाइल दिसायला अगदी निरुपद्रवी असते. तीन रकाने: सेटिंगचे नाव, त्याची किंमत, आणि शेरा. बहुतेक ओळींपुढे ‘डिफॉल्ट’ असे लिहिलेले. शेऱ्याचा रकाना मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी कोरा असे. माझाही कोराच होता.

आता तो प्रसंग. साल २००० नंतरचे. तारीख सांगत नाही. विक्री विभागातील एक अधिकारी महिनाअखेरीचा एक अहवाल आपल्या टेबलावरच्या संगणकातून मागवत असत. तो भर दुपारी सुरू झाला, की मालाच्या गोदामापासून हिशेब खात्यापर्यंत सर्वांचे पडदे गोठल्यासारखे होत. तक्रारी माझ्याकडे येत. अधिकारी वजनदार होते; त्यांना ‘हा अहवाल दुपारी काढू नका’ असे सांगणे माझ्या वयाला झेपणारे नव्हते. शेवटी कारखान्याच्या व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितले, की आज याचा बंदोबस्त झालाच पाहिजे.

पाडव्याला दोन दिवस उरले होते. येथे त्याला उगादी म्हणतात. त्या रात्री मला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेळगावला जायचे होते. घाई होती, हे मी मान्य करतो, पण घाईला दोष देऊन मी सुटू पाहत नाही. पुस्तिकेत मला ‘क्वेरी टाइम लिमिट’ नावाचे सेटिंग सापडले. तिचे काम असे, की प्रश्न प्रत्यक्ष सुरू होण्यापूर्वीच ऑप्टिमायझर त्याला लागणाऱ्या वेळेचा अंदाज काढतो. तो अंदाज आपण दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तर प्रश्न थांबवतो आणि माणसाला विचारतो: रद्द करू, की मर्यादा दुर्लक्षून पुढे जाऊ? मला ती कल्पना फार आवडली. मी सामायिक ग्रंथालयातील फाइलीत त्या ओळीपुढे १२० सेकंद असे लिहिले. अधिकाऱ्यांचा अहवाल मागवून पाहिला. तो तत्काळ अडला. गोदामातले पडदे सुरळीत चालू राहिले. व्यवस्थापकांनी पाठ थोपटली आणि मी स्टेशनकडे निघालो.

मी एकाच कामाची परीक्षा घेतली होती, आणि नियम मात्र सर्वांना लावला होता.

त्या कारखान्यात तेव्हा कामगारांचा पगार रोख दिला जाई. आदल्या रात्री पगाराचे काम यंत्रावर लागे. हजेरी, तुकड्यावरचे काम, जादा वेळ, उचल, सोसायटीची वजावट असे सगळे तक्ते जोडून ते पगारपत्रक काढी. आणि शेवटी एक कागद छापी, ज्यावर शंभराच्या किती नोटा, पन्नासच्या किती, दहाच्या किती आणि सुटी नाणी किती, हे लिहिलेले असे. तो कागद घेऊन रोखपाल सकाळी बँकेत जाई, नोटा मोजून आणी, आणि दुपारपर्यंत पाकिटे भरली जात. या कामाला रात्री सहा-सात मिनिटे लागत आणि त्याने कुणाचे काही बिघडत नसे, कारण रात्री यंत्रावर दुसरे कोणी नसे.

ऑप्टिमायझरने त्या रात्री अंदाज काढला, तो बरोबर होता. तो १२० सेकंदांपेक्षा जास्त होता, हेही बरोबर होते. त्याने नियमाप्रमाणे काम थांबवले आणि ऑपरेटरच्या पडद्यावर प्रश्न पाठवला. यंत्राने त्या रात्री एकही चूक केली नाही, ही गोष्ट मला पुढे फार दिवस बोचत राहिली.

रात्रपाळीला एक तरुण ऑपरेटर होता, खानापूरकडचा. माझ्याशी मराठीतच बोलत असे. त्याने तो संदेश पूर्वी कधी पाहिला नव्हता. त्याने ऑपरेटरची वही उघडली. तिच्या पहिल्याच पानावर सूचना होती: अनोळखी संदेशास उत्तर देऊ नये, सिस्टिम विभागास फोन करावा. त्याने माझ्या घरी फोन केला. मी तुमकूरच्या पुढे कुठेतरी गाडीत झोपलेलो होतो. तो वाट पाहत बसला आणि त्याच्यासमोर पगाराचे काम वाट पाहत बसले.

सकाळी पहिल्या पाळीचे लोक आले. त्यांनी रद्द करण्याचा पर्याय निवडला, कारण तो सुरक्षित वाटतो. काम मुळापासून पुन्हा लावले. ते पुन्हा त्याच ठिकाणी अडले. पुन्हा रद्द, पुन्हा आरंभ. बाहेरचा एक जाणकार फोनवर सापडला, त्याने दुसरा पर्याय निवडायला सांगितले, आणि काही मिनिटांत पगारपत्रक छापून बाहेर आले. तोवर बँकेची रोखीची वेळ संपत आली होती. रोखपालाला निम्मीच रक्कम मिळाली. पहिल्या पाळीतल्या काहींना पाकिटे मिळाली, उरलेल्यांना सणानंतर या, असे सांगण्यात आले. त्यात कलबुर्गी-यादगीरकडचे लोक बरेच होते. सणाला गावी जायचे म्हणून बोचकी बांधूनच कामावर आलेले. त्यांतले काहीजण उधार-उसनवार करून गेले, काही गेले नाहीत. मी त्या वेळी घरी गुढीसाठी कडुलिंबाचा डहाळा शोधत होतो.

प्रसंग सांगितला, पण हे एका सेटिंगपुरते नाही, म्हणून आणखी एका ओळीविषयी सांगतो. त्याच फाइलीत ‘ऑप्टिमायझेशन गोल’ नावाची ओळ आहे. तिच्यात दोन तऱ्हेची उद्दिष्टे देता येतात. एकात ऑप्टिमायझर अशी वाट निवडतो, की पहिल्या काही नोंदी शक्य तितक्या लवकर हाती याव्यात. दुसऱ्यात अशी, की सगळ्याच्या सगळ्या नोंदी मिळून कमीत कमी वेळ लागावा. या दोन वाटा बहुधा निराळ्या असतात. आपल्या भाषेत सांगायचे, तर पहिली दर्शिनी आणि दुसरी पंगत. दर्शिनीत माणूस कूपन घेतो, त्याचा दोसा तव्यावरून थेट त्याच्या हाती येतो. मागच्याचे काय, याची फिकीर नसते. पंगतीत पाने मांडायची, मीठ-लिंबू-चटणी फिरवायची, भात वाढायचा. पहिल्या माणसाला थोडे थांबावे लागते, पण दोनशे माणसे एका दमात जेवून उठतात. पडद्यासमोर बसलेल्या कारकुनाला दर्शिनी हवी. रात्रीच्या पगाराच्या कामाला पंगत हवी. लग्नाच्या मांडवात दर्शिनीची पद्धत लावली, तर शेवटचा पाहुणा दुसऱ्या दिवशी जेवेल. एखाद्याने कारकुनांच्या सोयीसाठी ही ओळ सामायिक फाइलीत बदलली, तर रात्रीची कामे कोणालाही न कळता लांबत जातात. येथे संदेशही येत नाही, फक्त सकाळ उशिरा होते. माझ्या चुकीत निदान यंत्राने विचारले तरी होते.

या विषयावर जगातील फार महत्त्वाचे काम आपल्या शेजारी झाले आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. अठराव्या क्रॉसवरून पुढे चालत गेलात, तर भारतीय विज्ञान संस्थेचे आवार लागते. १९०९ सालची ही संस्था. तेथील प्राध्यापक जयंत हरित्सा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पिकासो नावाचे एक साधन तयार केले. एकच प्रश्न घ्यायचा, त्यातील अटी थोड्या-थोड्या बदलत जायच्या, आणि ऑप्टिमायझर प्रत्येक वेळी कोणती वाट निवडतो, ते रंगाने दाखवायचे. जे चित्र तयार होते, त्यात रंगांचे तुकडे, पट्टे, कोन असे काही एकमेकांत घुसलेले असतात, की पाहणाऱ्याला पिकासोच्या घनवादी चित्रांची आठवण व्हावी. २००५ मध्ये त्यांनी हे प्रथम जगासमोर मांडले. नामांकित डेटाबेसांचे ऑप्टिमायझर किती बारीकसारीक फरकावर वाट बदलतात, हे त्यातून प्रथमच डोळ्यांना दिसले.

मला त्यातला पुढचा भाग अधिक आवडतो. २००७ च्या निबंधात त्यांनी दाखवले, की खर्चात २० टक्क्यांपर्यंत वाढ सोसायची तयारी असेल, तर त्या रंगीबेरंगी चित्रातील बहुतेक रंग पुसून टाकता येतात आणि मोजक्या, सुमारे दहाएक वाटांवर काम भागते. म्हणजे अतोनात चोखंदळपणाची किंमत फारशी वसूल होत नाही. आणि २०१४ मध्ये त्यांनी त्याहून धीट गोष्ट मांडली: अंदाजच मुळात बांधू नये. काही निवडक वाटा घ्याव्यात, प्रत्येकीला थोडा खर्च मंजूर करावा, तेवढ्यात काम झाले तर उत्तम. नाही तर मंजुरी वाढवत पुढच्या वाटेकडे वळावे. अज्ञात गोष्ट एकच असेल, तर अशा रीतीने होणारा एकूण खर्च सर्वोत्तम वाटेच्या चौपटीहून कधी जास्त होत नाही, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले. आपल्या सरांना हे पटले असते का, सांगता येत नाही. ‘आधी अंदाज’ या त्यांच्या सूत्रालाच ते सुरुंग लावते. पण खडू फेकण्याआधी त्यांनी सिद्धता नक्की वाचली असती.

आता त्या पाडव्यानंतरचे. मी चौथ्या दिवशी परतलो. टेबलावर दोन कागद होते. एक, झाल्या प्रकाराचा खुलासा सिस्टिम विभागाने द्यावा, असे व्यवस्थापकांचे पत्र. दुसरा, रात्रपाळीच्या ऑपरेटरला दिलेल्या मेमोची प्रत. संदेश समोर असताना त्याने रात्रभर काहीही केले नाही, असा त्याच्यावर ठपका होता.

मी खुलासा लिहायला बसलो. पहिला मसुदा मला आजही पाठ आहे: “प्रणालीने संरक्षक उपाय म्हणून काम थांबवले व ऑपरेटरकडून प्रतिसाद न मिळाल्याने विलंब झाला.” या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. ते वाचून कोणाही व्यवस्थापकाने यंत्राला आणि त्या मुलाला दोषी धरले असते आणि मला धरले नसते. मी ते टंकायला देणार, इतक्यात तो मुलगा स्वतः आला. वही घेऊन आला होता. तक्रारीचा सूर नव्हता. पहिले पान उघडून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाला, “सर, हे अक्षर तुमचंच आहे ना? मला नीट सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? पुढच्या वेळी तसं करतो.”

अक्षर माझेच होते. सूचना मीच लिहिली होती, नियम मीच बदलला होता, आणि ज्या फोनवर विचारायचे, तो उचलणारा मीच गाडीत होतो. त्याने काय करायला हवे होते, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मी तो मसुदा फाडला. दुसरा लिहिला; त्यात ओळीचे नाव, जुनी किंमत, नवी किंमत, बदलाची तारीख व वेळ, आणि बदल करणाऱ्याचे नाव लिहिले. व्यवस्थापकांकडे स्वतः घेऊन गेलो. ते बराच वेळ बोलले. ते सारे येथे सांगण्यासारखे नाही. त्या वर्षीची माझी वेतनवाढ थांबली. मुलाचा मेमो मागे घेतला गेला, पण तो लेखी मागे घ्यावा, यासाठी मला तीन वेळा जावे लागले. तोंडी म्हणणे सोपे असते. सण हुकलेल्या माणसांसाठी मात्र मी काहीही करू शकलो नाही. त्यांतला एकजण, घडाई विभागातला, पुढे कधीही भेटला की विचारायचा, “काय साहेब, मशीन ठीक आहे ना?” त्यात टोमणा होता की विचारपूस, हे मला अखेरपर्यंत ठरवता आले नाही.

काम करण्याची माझी रीत त्यानंतर बदलली, तेवढी या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी सांगतो. सामायिक फाइलीतील ओळ मी डिफॉल्टवर परत नेली. बदल करायचाच झाला, तर आधी खासगी प्रतीत करून तो एकाच कामाला लावायचा. मग दिवसाच्या कामांबरोबर रात्रीची, आठवड्याची, महिनाअखेरीची कामेही त्या प्रतीवर चालवून पाहायची. वर्षअखेरीचे काम असेल, तर त्याची जुनी नोंद काढून पाहायची. शेऱ्याच्या रकान्यात कुणासाठी, कुणाच्या सांगण्यावरून आणि कधी, हे लिहायचे. आणि सणाच्या आदल्या दिवशी सर्वांना लागू होणारा बदल करायचा नाही. शेवटचा नियम कोणत्याही पुस्तिकेत नाही.

एक गोष्ट राहिली. विक्री विभागाच्या त्या अहवालाचे पुढे काय झाले, असे कोणी ना कोणी विचारणारच. मर्यादेची ओळ काढल्यावर अर्थातच तो पुन्हा सर्वांना गोठवू लागला. तेव्हा कुठे मी बसून तो प्रश्न नेमका काय मागतो, ते वाचले. तो बिलांच्या तक्त्यातून वितरक आणि तारीख यांवरून नोंदी शोधत होता, आणि त्या दोन रकान्यांवर इंडेक्सच, म्हणजे सूचीच, नव्हती. पुस्तकाच्या शेवटी सूची नसली, की एक शब्द शोधायला सारे पुस्तक चाळावे लागते, तसे यंत्र दर वेळी सारा तक्ता चाळत होते. मी ती सूची एका रविवारी दुपारी तयार केली. तयार व्हायला यंत्राला जेमतेम दहा मिनिटे लागली. सोमवारी त्या अधिकाऱ्यांनी अहवाल मागवला, तो काही सेकंदांत आला, आणि त्यांनी मला फोन करून विचारले, की आकडे अपुरे तर नाहीत ना.